आयईएलटीएस स्पीकिंग: आधी बोलणं तर चालू राहू दे

भाऊ, तू प्रत्येक वाक्य डोक्यात मराठीतून इंग्रजीत करून राहिला म्हणून अडकते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात ओघ, शब्द, ग्रामर, उच्चार, चौघांनाही सारखेच मार्क असतात, मग एकट्या ग्रामरसाठी कायले जीव काढतो?

१. फुटाळा तलावावर गेला की पार्ट २ (दिलेल्या विषयावर एकट्यानं बोलायचा भाग) सारखा एक विषय घे, १ मिनिट विचार अन् २ मिनिटं मोबाईलमध्ये रेकॉर्ड, मधे थांबायचं नाही, चुकलं तरी.
२. नंतर ऐक, पण एकच चूक पकड. बहुतेकांचा भूतकाळच घसरते.

बोलताना चूक लक्षात आली तर तेवढा शब्द सुधारून पुढं जा, अख्खं वाक्य पहिल्यापासून नको. फास्ट बोलणं म्हणजे फ्लुएन्सी नाही, अन् पाठ केलेली उत्तरं तर बिलकुल नको, परीक्षकाला लगेच कळते. इडियम वगैरे नंतर पाहू.