अनुदान खात्यात आलं, पण बँकेनं होल्ड लावला

प्रश्न : परंडा तालुक्यात माझ्या नावावर १ हेक्टर ८० आर जमीन आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सगळं सोयाबीन गेलं. अतिवृष्टीचं अनुदान १५,३०० रुपये माझ्या बचत खात्यात जमा झालं, पण काढता येत नाही. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं पीककर्ज थकलंय, त्याला मी जामीन आहे. मॅनेजर म्हणतात, ‘आधी नवं-जुनं, म्हणजे थकलेल्या कर्जाचं नूतनीकरण करा, मग होल्ड काढतो.’ बँकेला असं करता येतं का?

उत्तर : नाही, ताई. हेक्टरी ८,५०० रुपयांप्रमाणे तुमची रक्कम बरोबर बसते आणि ती पीक बुडालं म्हणून दिलेली मदत आहे. मदतवाटपाच्या शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं, की या रकमेतून कोणत्याही बँकेनं कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. पैसे अडवून कर्जाच्या कागदावर सही मागणं ही माझ्या मते वसुलीच आहे.

मॅनेजरची एक बाजू मात्र खरी आहे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. खात्यातली रक्कम धरून ठेवण्यासाठी बँक त्याच कायद्याच्या कलम १७१ कडे बोट दाखवील. म्हणून ‘कर्ज मालकांचं आहे, माझं नाही’ यावर भांडू नका, तिथं तुम्ही हराल. ही रक्कम मदतीची आहे, एवढाच मुद्दा धरून ठेवा.

आणि होल्ड निघावा म्हणून नवं-जुनं करू नका. त्यात अनेकदा थकलेलं व्याज मुद्दलात जाऊन बसतं. शिवाय मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, मुदतीच्या आत सही करून कर्ज कबूल केलं की वसुलीची मुदत त्या दिवसापासून नव्यानं मोजली जाते. पुढं पीककर्ज हवं म्हणून नवं-जुनं करायचं असेल तर जरूर करा, पण आकडे बघून, घरी बसून ठरवा. काउंटरवर, अडलेल्या पैशांसाठी नको. कोऱ्या फॉर्मवर तर सही करूच नका.

आता पासबुक भरून घ्या. अनुदान जमा झाल्याची ओळ त्यात दिसली पाहिजे. त्या पानाची झेरॉक्स जोडून शाखेला अर्ज द्या : ‘अमुक तारखेला जमा झालेली रक्कम अतिवृष्टीच्या मदतीची आहे. होल्ड काढावा, अन्यथा तो कोणत्या आदेशानं लावला ते लेखी कळवावं.’ दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. शाखा पोच देत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. एकेक प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना द्या. बरीच प्रकरणं इथंच सुटतात, कारण तोंडी ‘होल्ड आहे’ म्हणणारी शाखा तेच लिहून द्यायला कचरते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथं वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

रब्बीसाठी जाहीर झालेले हेक्टरी १०,००० रुपये वेगळे येतात. ते अजून आले नसतील तर कर्ज नसलेल्या दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडून आधार तिथं लिंक करा. थेट जमा होणारी रक्कम आधार ज्या खात्याला जोडलंय तिथंच जाते आणि ते खातं निवडायचा हक्क तुमचा आहे. हे काम अर्जाच्या आधी उरका.