गांजा बंद खोलीत लावला तर पर्यावरणाला जास्त त्रास की उघड्यावर?
बंद खोलीतलाच जास्त, आणि तो पण बऱ्याच फरकाने. उन्हाचं काम दिव्यांनी करायचं, वर हवा थंड आणि कोरडी ठेवायला मशीनी रात्रंदिवस चालू, मग वीज लागणारच. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२१ च्या अभ्यासात अमेरिकेत १ किलो सुक्या फुलामागे जागेप्रमाणे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू निघाले. आपल्या रत्नागिरी-मालवणात तर पावसाळ्यात डब्यातले पापडपण सादळतात, तिथे नुसती ओल काढायलाच किती वीज जाईल बघा (परवान्याशिवाय लागवड गुन्हा आहे हां, हे फक्त हिशेबापुरतं). पण उघड्यावरचा म्हणजे निर्धोक असं नाही, कॅलिफोर्नियात चोरून लावणाऱ्यांनी ओढ्यांचं पाणी वळवलं आणि उंदरांच्या विषाने रानातली जनावरं मेली.