घरात ऐकलेलं फ्रेंच शिकवताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात तुझ्या वर्गात येणारी मुलं आजी-आजोबांचं फ्रेंच कानावर पडत वाढलेली आहेत. त्यांना नवशिक्यांच्या पहिल्या धड्यावर बसवलंस तर आठवड्याभरात कंटाळतील. आधी प्रत्येकाला वीस मिनिटं दे: एका चित्राबद्दल बोलायला लाव, मग पाच ओळी वाचून घे, शेवटी त्याच ओळींचं श्रुतलेखन. कान तयार, बोलणं बरं आणि लेखन कोरं, असंच बहुतेक निघेल.

‘पार्ले’ (‘बोलणे’ या क्रियापदाची रूपं) हा एकच उच्चार निदान चार प्रकारे लिहिला जातो. पुस्तकातून शिकलेल्याने तो फरक डोळ्यांनी पाहिलेला असतो, यांनी नाही. नियम घोकून घेऊ नकोस, कानालाच कामाला लाव. त्या जागी ‘व्हाँद्र’ (विकणे) हे क्रियापद घालून वाक्य मोठ्याने म्हणायला सांग. ‘व्हाँद्र’ बसलं तर शेवटी ‘ई-आर’, ‘व्हाँद्यू’ (विकलेलं) बसलं तर वर तिरकी रेघ दिलेला ‘ई’. लिंगाचंही तसंच. ‘लेकोल’ (शाळा) म्हणताना पुल्लिंगी ‘ल’ की स्त्रीलिंगी ‘ला’ हे गिळलंच जातं, म्हणून तो शब्द ‘युन पतीत एकोल’ (एक छोटी शाळा) असा विशेषणासकट तोंडात बसव.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. गाडीला ही मुलं ‘शार’ म्हणतील. त्यावर लाल रेघ मारू नकोस. शेजारी फ्रान्समधला शब्द ‘व्वात्यूर’ लिही आणि कुठे काय म्हणतात ते सांग. 1921 च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा झाल्या, आणि त्या पिढीने पुढे आपल्या लेकरांशी इंग्रजीच धरली. 1968 मध्ये फ्रेंच जपायला राज्याने कोडोफिल ही संस्था काढली, पण शिक्षक आले ते फ्रान्स, बेल्जियम, कॅनडाहून. आजीची बोली वर्गाबाहेरच राहिली. नातवाने घरी जाऊन आजीलाच दुरुस्त करावं, याहून मोठं नुकसान नाही.

शाळा सुरू झाली की मूल घरीही इंग्रजीत उत्तरं देऊ लागतं, आणि थोरल्यामुळे धाकट्याच्या वाट्याला फ्रेंच आणखी कमी येतं. पालकांना सांग, रागावू नका. तेच उत्तर फ्रेंचमध्ये म्हणा आणि पुढचा प्रश्न ‘हो-नाही’वर न भागणारा विचारा: दूध की रस?

मोठ्यांचं दुखणं वेगळं. समजतं पुष्कळ, पण कोणी हसेल म्हणून तोंड उघडत नाहीत. त्यांना एकदम वर्गासमोर उभं करू नकोस. घरातल्या वडीलधाऱ्यांचं दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला सांग, थांबवत थांबवत लिहून काढू दे, आणि अडलेले शब्द विचारायला त्याच माणसाकडे परत पाठव.

तुझी मावशी