पाटी, पेटी, बाटली : छोट्या उद्योगाच्या ओळखीविषयी वाचकांचे प्रश्न

नाव, बोधचिन्ह, लेबल आणि पाटी यांविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही छोट्या व्यावसायिकांना केले होते. कोकण किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यातील आमचा महिला बचत गट कोकम सरबत, आगळ, आमसूल आणि आंबापोळी तयार करतो. पुण्यातील प्रदर्शनात आमचा माल चांगला खपला, परंतु नंतर तेथून एकाही ग्राहकाची मागणी आली नाही. बाटलीवर 'कोकणचा अस्सल मेवा' असे नाव आणि नारळाच्या झाडाचे चित्र आहे. लोगो आकर्षक नसल्यामुळे असे होते, असे घरातील मुले म्हणतात. नवा लोगो करून घ्यावा काय?

उत्तर : पुण्यातील ग्राहकाने सरबत घरी नेले, ते सर्वांना आवडले आणि बाटली संपली. आता त्याला दुसरी बाटली हवी असेल, तर तो कोणाला काय विचारणार, हा आपल्या पत्रातला खरा प्रश्न आहे. 'कोकणचा अस्सल मेवा द्या' असे तो दुकानदाराला म्हणाला, तर दुकानदार समोर असेल ती बाटली काढून देईल आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल. कारण हे शब्द मालाचे वर्णन करतात, तो कोणी केला ते सांगत नाहीत. म्हणून नवे बोधचिन्ह आताच करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी नाव बदलावे, मग लेबल सुधारावे, आणि हे दोन्ही झाल्यावर हाती पैसे उरले तर चित्राचा विचार करावा.

कायद्याची दृष्टीही याहून वेगळी नाही. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुणवत्ता किंवा तो कोठून आला एवढेच सांगणारे शब्द सहसा नोंदवून मिळत नाहीत. दीर्घ वापराने ते नाव एकाच उत्पादकाचे म्हणून लोकांच्या मनात ठसले असेल तरच अपवाद होतो. 'कोकण', 'अस्सल' आणि 'मेवा' हे तिन्ही शब्द एकत्र आले तरी आपल्या मालकीचे असे त्यात काही राहत नाही. त्याऐवजी गटाचे स्वतःचे नाव, वाडीचे फारसे प्रचलित नसलेले नाव किंवा एखादा सुटसुटीत जुना शब्द घ्यावा. निवडलेले नाव फोनवर एकदाच उच्चारून समोरच्या व्यक्तीला लिहायला सांगावे. तिने ते न विचारता बरोबर लिहिले तर ते नाव चालण्याजोगे आहे. त्यानंतर व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते आधी कोणी घेतलेले नाही ना, हे शोधून पाहावे. हा शोध विनामूल्य आहे. अर्ज मात्र मालाच्या वर्गवारीनुसार करावा लागतो : सरबत ३२व्या वर्गात येते, आमसुलासारखी सुकवलेली फळे २९व्या वर्गात. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती आणि लघुउद्योग यांच्यासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते, पुढे तिचे नूतनीकरण करता येते. आपण सुरुवातीला सरबताचा एकच वर्ग घेतला तरी पुरेसे होईल. वर्तुळातला 'आर' हे चिन्ह नोंदणी पूर्ण होईपर्यंत छापू नये. नोंदणी नसताना ते छापणे बेकायदा आहे.

आता लेबलाकडे वळू. आपण पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात नारळाच्या झाडाने निम्मी जागा व्यापली आहे आणि फोन क्रमांक तळाशी, चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत आहे. पुण्याहून फोन न येण्याचे हे दुसरे कारण असावे. लेबलाच्या दर्शनी भागावर सर्वांत मोठे अक्षर आपण निवडलेल्या नावाचे, त्याखालोखाल 'कोकम सरबत' हे पदार्थाचे नाव, मग निव्वळ प्रमाण आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एवढेच असावे. घटक पदार्थांची उतरत्या प्रमाणातली यादी, पोषणमूल्ये, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति एकक किंमत, ग्राहक संपर्क आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी क्रमांक हा मजकूर मागील भागात एकत्र घ्यावा. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही : २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावा लागतो, मराठी त्याच्या जोडीला देता येते. म्हणजे केवळ मराठी लेबल, ते कितीही सुंदर असले तरी, नियमात बसत नाही. दर्शनी भाग ठसठशीत मराठीत, तेथेच पदार्थाचे नाव व निव्वळ प्रमाण इंग्रजीतही, आणि मागचा तपशील इंग्रजीत, ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते.

रंगाविषयी सांगायचे तर कोकमाचा लाल रंग हीच आपली सर्वांत मोठी जाहिरात आहे आणि ती फुकट मिळालेली आहे. बाटलीतून तो रंग दिसू द्यावा. त्यावर लाल किंवा जांभळे लेबल लावले की दोन्ही एकमेकांत बुडून जातात, म्हणून लेबल पांढरट आणि अक्षरे गडद ठेवावीत. आगळ, आमसूल आणि आंबापोळी यांच्यासाठी वेगवेगळी लेबले आखू नयेत. मांडणी, अक्षर आणि नावाची जागा एकच ठेवून फक्त खालची एक पट्टी रंगाने बदलावी, म्हणजे चारही वस्तू मांडणीवर शेजारी ठेवल्या की त्या एकाच हातच्या आहेत, हे लांबूनही ओळखता येते. बॅच, तारीख आणि किंमत यांची जागा कोरी सोडून तेथे शिक्का मारावा. त्यामुळे लेबले एकदम जास्त छापून घेता येतात आणि दर नगाचा खर्च उतरतो. कागदी स्टिकर मात्र घेऊ नये. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी सुटते आणि कागद सुरकुततो. आपल्याकडे तर पावसाळ्यात बाटली फ्रिजमध्ये न ठेवताही तो सुटू लागतो. प्रेसवाल्याकडे पॉलीप्रॉपिलीनच्या, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या, फिल्मवरील स्टिकर मागावा. तो थोडा महाग पडतो, पण लेबल सुटलेली बाटली म्हणजे निनावी बाटली, आणि आपली अडचण मुळात तीच आहे.

'सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम' याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे विशिष्ट प्रदेशातला माल म्हणून कायदेशीर ओळख, मिळालेले आहे. आपल्या गटाने त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घेतली, तर ते चिन्ह लेबलावर छापता येईल. मालाच्या अस्सलपणाविषयी बाटलीवर तीन-तीनदा लिहिण्यापेक्षा त्या एका चिन्हाला अधिक वजन आहे.

प्रश्न : मालवणजवळ आमचे पाच खोल्यांचे घरगुती निवासस्थान आणि खानावळ आहे. पाटीवर छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र आणि मागे सिंधुदुर्ग किल्ला असे बोधचिन्ह करण्याचा विचार आहे. पाटी किती मोठी असावी आणि फ्लेक्स चालेल काय?

उत्तर : महाराजांविषयीचा आदर समजू शकतो, तरीही हे चित्र वापरू नये. चिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा आणि चित्राचा उल्लेख आहे, आणि केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापारासाठी त्यांचा वापर करण्यास मनाई आहे. किल्ल्याच्या रेखाकृतीबाबत माझा आक्षेप वेगळा आहे. १६६४ मध्ये ज्याची पायाभरणी झाली तो जलदुर्ग साऱ्या मालवणचा आहे, आणि त्याची तटबंदी, होडी, माड व मावळता सूर्य ही चित्रे गावातल्या इतक्या पाट्यांवर आहेत, की पाहुण्याला त्यांतून आपले घर वेगळे ओळखता येणार नाही. चित्र हवेच असेल तर पाहुणा दारात उतरल्यावर त्याला जे प्रत्यक्ष दिसेल तेच काढावे : अंगणातले वृंदावन, जांभ्या दगडाची कमान, विहिरीवरचा रहाट, परसातला एखादा मोठा फणस. चित्र आणि घर जुळले की आपण योग्य ठिकाणी पोहोचलो, अशी त्याची खात्री पटते. चित्रांतून कथा सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथी शैलीतले काही हवे असेल, तर इंटरनेटवरून चित्र उचलू नये. पिंगुळी कुडाळजवळच आहे. तेथील कलावंताकडून योग्य मोबदला देऊन ते काढून घ्यावे.

पाटीच्या आकारापेक्षा अक्षराच्या उंचीचा विचार आधी करावा. अक्षर आरामात वाचता यावे यासाठी १० फुटांच्या अंतराला १ इंच उंची, असा पाटीच्या कामातला जुना हिशोब आहे. म्हणजे ३० मीटरवरून वाचायची पाटी असेल, तर अक्षर साधारण २५ सेंटीमीटर उंच हवे. देवनागरीत ही उंची वरच्या आणि खालच्या मात्रा सोडून मोजावी, नाहीतर अक्षराचे अंग लहानच राहते. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे सरकते. तेव्हा ३० मीटर अंतर संपायला तीन सेकंदही लागत नाहीत. एवढ्या वेळात चालकाने नाव वाचायचे, बाण पाहायचा आणि गाडीचा वेग कमी करायचा आहे. म्हणून वळणावरच्या पाटीवर नाव, 'राहणे व जेवण' आणि बाण याखेरीज काहीही लिहू नये. माशांच्या थाळ्यांची यादी आणि खोल्यांचे फोटो दारातल्या फलकावर घ्यावेत, कारण तेथे पाहुणा उभा राहून वाचतो.

फ्लेक्स रस्त्यावरच्या कायमच्या पाटीला चालणार नाही. उन्हात आधी लाल आणि पिवळा रंग उडतो, निळसर छटा तेवढी मागे राहते, आणि खाऱ्या हवेने लोखंडी चौकटीला लवकर गंज चढतो. आपल्या भागात अजून हाताने अक्षरे रंगवणारे पेंटर आहेत. चांगल्या लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या फळीवर ऑइलपेंटने रंगवलेली पाटी अधिक टिकते, फिकी झाली तर तेवढाच भाग पुन्हा रंगवता येतो, आणि त्या अक्षराला स्वतःचे वळण असते. अशा पेंटरचे काम मिळते आहे तोवर ते आवर्जून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. एवढे मात्र पाहावे, की त्यांनी काढलेलेच अक्षर पुढे बिलावर, कार्डावर आणि ऑनलाइन नोंदीवर वापरले जाईल. त्याचा समोरून स्वच्छ फोटो काढून आरेखकाकडून (डिझायनरकडून) ते गिरवून घेता येते. शिवाय, राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक झाला आहे. मराठी नाव आरंभी असावे आणि इतर लिपीतले अक्षर त्याहून मोठे नसावे.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेटीवर रंगीत फोटो छापावा काय?

उत्तर : छापू नये. पुठ्ठ्याच्या खोक्यावर बहुधा एक किंवा दोन रंगांत छपाई होते, तपकिरी पुठ्ठा फिके रंग गिळून टाकतो आणि बारीक रेषा शाईने भरून जातात. गडद हिरवा किंवा काळा असा एकच रंग आणि बागेचे ठळक नाव पुरेसे आहे. मात्र हे नाव झाकणावर छापून थांबू नये. बाजारात पेट्या एकावर एक रचल्या जातात, तेव्हा झाकण दिसत नाही, चार बाजू दिसतात. त्यामुळे चारही बाजूंना नाव, फळांची संख्या आणि फोन क्रमांक असावा. 'देवगड हापूस' हे शब्द पदार्थाचे नाव म्हणून लहान अक्षरांत घ्यावेत, कारण ते सर्व बागायतदारांचे आहेत. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोकमाप्रमाणेच येथेही ते चिन्ह नोंदणीकृत वापरकर्त्यालाच छापता येते, आणि अद्याप नोंदणी केली नसल्यास हंगामापूर्वी करून घ्यावी.

प्रश्न : चिपळूणमध्ये माझी बेकरी आहे. ओळखीच्या तरुणाने लोगो करून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मी त्याचे पैसे दिले. पाटीवाला म्हणतो की ही फाइल चालत नाही, आणि मोठी केल्यावर अक्षरे फुटतात. शिवाय नावातील काही अक्षरे हिंदीसारखी दिसतात. आता काय करावे?

उत्तर : व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र ठिपक्यांचे असते आणि पाठवताना आणखी आकसते, म्हणून ते मोठे केले की फुटते. त्या तरुणाकडे मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांची, कितीही मोठी केली तरी न फुटणारी फाइल, असायला हवी. ती सीडीआर (कोरलड्रॉ) किंवा एआय (इलस्ट्रेटर) स्वरूपात, आणि जोडीला पीडीएफ, अशी मागून घ्यावी. अक्षरे 'कर्व्ह' करून, म्हणजे त्यांचे चित्रात रूपांतर करून, द्यायला सांगावीत, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी नाव बदलणार नाही. बोधचिन्हाची फक्त काळ्या रंगातली एक प्रतही घ्यावी. बेकरीच्या कागदी पिशवीवर, बिलावर आणि शिक्क्यावर तीच लागते, आणि एका रंगात जे चिन्ह ओळखू येत नाही ते पुन्हा आखलेले बरे.

अक्षरांविषयीची आपली शंका रास्त आहे. अनेक फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदीत रूढ असलेली रूपेच आधी येतात, मराठी रूपे वेगळी निवडावी लागतात. 'किनाऱ्यावर' सारख्या शब्दातला अर्धा र नीट उमटतो की नाही, हेही तपासावे. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेने केलेले 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे फॉन्ट मुक्त परवान्याचे असून व्यवसायासाठीही विनामूल्य वापरता येतात. तेथून सुरुवात करण्यास हरकत नाही. तयार नमुने देणाऱ्या ॲपमधले चित्र मात्र बोधचिन्हात नाही ना, हे त्या तरुणाला स्पष्ट विचारावे. तेच चित्र उद्या दुसऱ्या बेकरीलाही मिळू शकते आणि आपण त्याला हरकत घेऊ शकत नाही.

आपल्या पत्रात न आलेला एक मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. पैसे दिले म्हणून चित्राचे हक्क आपोआप आपल्याकडे येतात, असे गृहीत धरू नये. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आरेखकाचा कॉपीराइट सामान्यतः त्याच्याकडेच राहतो आणि कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे त्याचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून साध्या कागदावर का होईना, बोधचिन्हाचे वर्णन, दिलेली रक्कम, 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि सर्व देशांसाठी' हे शब्द, तारीख आणि त्या तरुणाची सही घ्यावी. तो ओळखीचा आहे, तेव्हा आज तो आनंदाने सही करील. मराठी रूपांची अक्षरे आणि एकरंगी प्रत यांसाठी त्याला थोडे काम वाढेल, त्याचे वेगळे पैसे द्यावेत आणि मूळ फाइल व हा कागद एकदमच ताब्यात घ्यावा.