मराठीत कॅथलिक श्रद्धेवर पॉडकास्ट सुरू करायचा आहे. परवानगी लागते का, सामान काय घ्यावं, बोलावं कशावर?

तुम्ही धर्मशिक्षणाचा वर्ग घेता, धर्मगुरू किंवा सिस्टर नाही, आणि विचारलेले प्रश्न तीन आहेत. मी वसईकडचा. मित्रांसोबत असाच एक छोटा ऑडिओ कार्यक्रम चालवतो, रेकॉर्डिंग आणि जोडणी माझ्याकडे असते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक कार्यक्रम तिथेच अडतात. माइक कोणता घ्यावा यावर लोक महिनोन्महिने चर्चा करतात आणि बोलायचं काय हे रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री ठरवतात.

प्रवचन करू नका. मराठी कॅथलिक माणसाला प्रवचनाची टंचाई नाही. रविवारी मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) प्रवचन, नोव्हेनात (नऊ दिवसांच्या प्रार्थनेत) प्रवचन, रिट्रीटमध्ये प्रवचन, लग्नात आणि मयतातही प्रवचन. आता यूट्यूबवर तर हवं तेवढं. टंचाई आहे ती आपण जन्मभर जे करत आलो ते का करतो, हे साध्या भाषेत सांगणाऱ्याची. राखेच्या बुधवारी कपाळावर लागणारी राख येते कुठून? आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती करतात, हे चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. ईस्टरआधीचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतो, मग कॅलेंडरवर राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस का भरतात? मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून. गुड फ्रायडेला मिस्सा नसते, तरी ख्रिस्तप्रसाद कसा मिळतो? आदल्या संध्याकाळच्या मिस्सेत तो राखून ठेवलेला असतो. आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात जपमाळेची प्रकाशाची रहस्ये (जप करताना मनन करायचे येशूच्या जीवनातले पाच प्रसंग) का सापडत नाहीत? कारण पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती २००२ साली सुचवली, आजीचं पुस्तक त्याआधीचं.

यातला एकेक प्रश्न म्हणजे आठ-दहा मिनिटांचा एकेक भाग. तुमच्या वर्गातली मुलं असलेच प्रश्न विचारत असणार. ती विचारतात तेव्हा एका वहीत टिपून ठेवा. ती वही म्हणजे तुमचं पहिलं वर्ष. उत्तर मात्र आठवणीवर विसंबून देऊ नका. १९९२ साली आलेल्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात, २,८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत. जो मुद्दा सांगाल त्याचा परिच्छेद क्रमांक भागाच्या वर्णनात लिहा. कोणी वाद घातला तर तुमच्याशी न घालता त्या परिच्छेदाशी घालेल, आणि तुमचाही गृहपाठ होऊन जाईल.

वेळापत्रकाची काळजी उपासना वर्षावर सोडा. ते नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं आणि रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: अ वर्षी मुख्यतः मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक, तर योहानाचं शुभवर्तमान उपवासकाळात, पुनरुत्थानकाळात आणि मधूनमधून येतं. म्हणजे कोणत्या आठवड्यात लोकांच्या कानावर काय पडणार आहे हे तुम्हाला आधीच कळतं. शुक्रवारी संध्याकाळी भाग टाकलात तर रविवारी तोच उतारा चर्चमध्ये ऐकताना माणसाला ओळखीचं काहीतरी सापडतं. पाहुण्यांच्या मुलाखतींवर कार्यक्रम उभा करू नका, असं माझं ठाम मत आहे. पाहुणा आजारी पडतो, पाहुण्याच्या घरी लग्न निघतं, आणि कार्यक्रम तिसऱ्या महिन्यात बंद पडतो.

इंग्रजीतला यशस्वी नमुना बघायचा असेल तर अमेरिकेतले फादर माइक श्मिट्झ यांचा ‘बायबल इन अ इयर’ ऐका. जानेवारी २०२१ मध्ये तो अॅपलच्या अमेरिकी यादीत सगळ्या पॉडकास्टच्या वर, पहिल्या क्रमांकावर होता. त्यात ना पाहुणे, ना गप्पांचा फड. रोज वाचन, थोडं स्पष्टीकरण आणि प्रार्थना, असं ३६५ दिवस. घ्यायची ती त्यातली शिस्त. रोजचा भाग मात्र करू जाऊ नका. त्यांच्यामागे असेन्शन ही प्रकाशनसंस्था आहे आणि वाचनाचा क्रमही आधीच आखलेला होता. नोकरी सांभाळून एकट्याने करणाऱ्याने आठवड्याला एक भाग केला तरी खूप झालं.

मराठीतून करणार असाल तर मराठीची पुंजी वापरा. इंग्रजी कार्यक्रमाचं मराठीकरण ऐकायला कोणी थांबणार नाही. ज्याला ते हवंय तो मूळच ऐकेल. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ते मुळातच मोठ्याने वाचण्यासाठी आहे. नाताळाच्या आठवड्यात त्यातल्या जन्मकथेच्या वीस-पंचवीस ओव्या संथ वाचून त्यांचा अर्थ सांगा, असा भाग दुसऱ्या कुठल्याच भाषेत होणार नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया घ्या: फ्रान्सिस्कन ब्रदर, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला आणखी पंचवीस जणांसोबत क्रुसावर हुतात्मा झाले, १८६२ साली संत घोषित झाले. वसईचा माणूस जपानपर्यंत पोचला कसा, तिथे धर्मगुरूंचा दुभाषी कसा झाला, हे सांगताना पोर्तुगीज काळ, व्यापार, मिशनरी संघांची आपसातली चढाओढ असं बरंच काही येतं. एका भागात मावणार नाही. वांद्र्याची मोतमावली आहे, श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउली आहे, दोन्ही मरियेचीच. लोक मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर का वाहतात, आणि मरियेला ‘मागणं’ म्हणजे तिची पूजा करणं का नव्हे, हा भाग बिगरख्रिस्ती मित्रांना पाठवला जाईल, बघा.

हरेगावचं नाव मुद्दाम घेतलं. वसईतल्या आम्हा लोकांना वाटतं मराठी कॅथलिक म्हणजे आम्हीच. अहिल्यानगर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जालना या बाजूची मराठी मंडळी मोजत नाही आपण. सामवेदी किंवा वाडवळी या आमच्याकडच्या बोलींत दोन वाक्यं टाकायला हरकत नाही, मलाही ती गोड लागतात, पण सगळा भाग बोलीत केलात तर श्रीरामपूरचा श्रोता दुसऱ्या मिनिटाला गेला. उलट बाजूने, मिस्साग्रंथातली जडजंबाळ मराठीही नको. घरी काकूंशी बोलता तशी बोला.

आता परवानगी. सामान्य श्रद्धावंताने आपल्या श्रद्धेविषयी बोलावं यासाठी आधी परवानगी काढायची गरज नाही. १९८३ च्या कॅनन लॉमधला, म्हणजे चर्चच्या कायद्यातला, २२५ वा नियम श्रद्धेचा प्रसार हे सामान्यजनांचंही कर्तव्य मानतो. अडचण नावाची आहे. २१६ व्या नियमानुसार कोणत्याही उपक्रमाला योग्य धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय ‘कॅथलिक’ हे नाव लावता येत नाही. त्यामुळे ‘वसई कॅथलिक वाणी’ असं काही ठेवण्याआधी बिशप हाउसला पत्र लिहा, किंवा सरळ दुसरं नाव निवडा आणि वर्णनात ‘एका कॅथलिक शिक्षिकेचा कार्यक्रम’ असं लिहा. धर्मप्रांताचं बोधचिन्ह, चर्चचं नाव, फादरांचा फोटो न विचारता वापरू नका. नियमाने लागत नसलं तरी तुमच्या धर्मग्रामातल्या फादरांना सुरू करण्याआधी भेटा. दोन फायदे होतात: चुकलंमाकलं तपासणारा माणूस मिळतो, आणि ‘हे कोणाला विचारून चाललंय?’ या प्रश्नाला उत्तर तयार राहतं. तो प्रश्न येतोच, आणि बहुधा फादरांकडून येत नाही, पॅरिश कौन्सिलातल्या कोणाकडून येतो.

देशाच्या कायद्याकडेही लक्ष असू द्या. दुसऱ्या धर्माची किंवा पंथाची टर उडवणारं एक वाक्यसुद्धा नको. जाणीवपूर्वक धर्मभावना दुखावण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे, पण त्या धाकापेक्षाही, वाद घालणारे कार्यक्रम ऐकणाऱ्याला कडवट करतात म्हणून सांगतोय. ‘अमुक प्रार्थनेने आजार बरा झाला’ अशा साक्षी प्रसिद्ध करू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात लागू आहे, आणि खुद्द चर्चही चमत्कार मान्य करण्याआधी डॉक्टरांना बसवून वर्षानुवर्षं तपासत असतं. आपण एका व्हॉट्सअॅप मेसेजवर कशाला मान्य करायचा?

हक्कांचं थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. स्टीफन्स १६१९ साली गेले, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली, तेव्हा त्यांचे मूळ शब्द मोकळे आहेत. त्यांच्या आधुनिक आवृत्त्यांतल्या टीपा आणि गाण्यांची ध्वनिमुद्रणं मोकळी नाहीत. सध्याची बायबल भाषांतरं प्रकाशकांच्या मालकीची असतात. दोन-चार वचनं उद्धृत करणं वेगळं, अध्यायच्या अध्याय वाचून प्रसिद्ध करणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. पार्श्वसंगीतासाठी गायनमंडळातल्या कोणाकडून ऑर्गनवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजवून घ्या, प्रश्नच मिटला.

सामान शेवटी ठेवलं कारण त्याला पैसे फार लागत नाहीत. तुमच्याकडे असलेला फोन आणि हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा कॉलरमाइक पुरे. पैसे टाकायचेच झाले तर डायनॅमिक प्रकारचा यूएसबी माइक घ्या. कंडेन्सर माइक खोलीतला प्रत्येक आवाज उचलतो, आणि आपल्याकडे कोंबडा, पाण्याचा पंप आणि गल्लीतली बुलेट यांची कमतरता नाही. पंखा बंद, खिडक्या बंद, समोर कपड्यांचं उघडं कपाट, एवढ्याने घुमणारा आवाज बराच मरतो. चर्चमध्ये रेकॉर्डिंग करायचा मोह टाळा, तिथे शब्दावर शब्द चढतात. संपादनाला ऑडॅसिटी फुकट आहे. संहिता पूर्ण लिहा, पण वाचल्यासारखी वाचू नका. दहा मिनिटांना साधारण बाराशे शब्द लागतात.

फाइल स्पॉटिफाय किंवा दुसऱ्या एखाद्या होस्टिंगवर चढवली की तिथून आरएसएस दुवा (अॅपना नवे भाग आपोआप पोचवणारा पत्ता) मिळतो, तो अॅपल आणि इतर ठिकाणी एकदाच नोंदवायचा. पण तुमचे बरेचसे श्रोते साठीच्या पुढचे असणार आणि ते यातलं कोणतंही अॅप उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी तोच भाग मोनोत, ६४ केबीपीएसवर एमपीथ्री करून ठेवा. दहा मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते आणि व्हॉट्सअॅपवर लगेच जाते. वाडीतल्या जपमाळेच्या ग्रुपवर पहिल्यांदा टाका, आणि फाइलच्या नावात रविवारची तारीख मराठीत लिहा, नाहीतर मागचा भाग कोणता आणि पुढचा कोणता हे विचारणारे फोन तुम्हालाच येतील.