पीटीचा तास नेमका कुणाचा?

शाळा उघडून वेळापत्रकं लागली, की या सदराकडे एकाच प्रकारचे प्रश्न येऊ लागतात. यंदाही निम्म्याहून अधिक जणांनी मोबाइलवर फिरत आलेला पीटीचा कुठला तरी ‘वार्षिक आराखडा’ जोडून ‘मॅडम, हा चालेल का?’ एवढंच विचारलं आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून काही निवडक प्रश्न इथे घेते. बेळगाव जिल्ह्यातल्या शाळांच्या आठवी ते दहावीपुरतंच बोलते.

प्र. आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. महाराष्ट्राचा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम मराठीत तयार मिळतो. तोच वापरू का? – शिक्षक, उचगाव

कल्पना घ्यायला वापरा. वार्षिक नियोजन म्हणून जसाच्या तसा उतरवू नका. माध्यम मराठी असलं तरी शाळा कर्नाटकाच्या शिक्षण खात्याखाली आहे. मूल्यमापनाच्या नोंदी, सुट्ट्या, स्पर्धांच्या तारखा सगळं इथलं. परिपत्रक कन्नडमध्ये आलं म्हणून ते फायलीत ढकलायचं, ही सवय मोडा. शाळेत कन्नड शिकवणारे शिक्षक असतातच, त्यांच्याकडून वाचून घ्या. आणि आराखडा पक्का करण्याआधी तालुका शारीरिक शिक्षणाधिकाऱ्यांना दाखवा.

प्र. मुलगा कबड्डीत तालुक्यापर्यंत खेळला. दहावीत किती क्रीडागुण वाढतील? – पालक, निपाणी

तुम्ही ऐकलंत ते महाराष्ट्र मंडळाचं. महाराष्ट्रातल्या कागलच्या एखाद्या भाच्याला मिळाले म्हणून निपाणीच्या मुलाला मिळतील असं नाही. तो कर्नाटकाची एसएसएलसी, म्हणजे इथली दहावीची परीक्षा, देणार आहे. इथला नियम मुख्याध्यापकांना विचारा, शेजाऱ्यांना नको.

प्र. आमच्याकडे सप्टेंबरपर्यंत मैदानात पाय ठेवता येत नाही. तोवर पीटीचे तास इतर विषयांना देतो. दुसरं काय करणार? – शिक्षिका, जांबोटी भाग

पाऊस दरवर्षी येतो. तरी दरवर्षी तो अचानक आल्यासारखे आराखडे का होतात, हे मला कळत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या शाळेने आणि अथणी-रायबागच्या शाळेने एकच आराखडा वापरणं हेच मुळात चूक. तिकडे मार्चचं ऊन आवरायचं असतं, तुम्हाला जून ते सप्टेंबर.

नियोजनात पावसाळी घटक वेगळा लिहा. व्हरांड्यात सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, एका पायावरचा तोल, जोडीने चेंडू झेलणं, भिंतीला टेकून बसण्याचा व्यायाम, एवढ्यावर आठ-दहा तास सहज जातात. एखादा तास वर्गात बसून खोखोचं गुणपत्रक भरायला शिकवा. फरशी ओली असेल तर पळापळ नको आणि मोजे घालून तर काहीच नको. दोरीचा मल्लखांब करायची हौस असेल तर तो शिकलेला माणूस आणि खाली जाड गादी, दोन्ही हवं. नसेल तर विषय सोडून द्या.

प्र. आमच्या हायस्कूलची मुलं कबड्डी-खोखोत दरवर्षी तालुक्याला चमकतात. वर्षाचं नियोजन आम्ही त्या दोन खेळांभोवतीच करतो. नवे पीटी सर म्हणतात, हे चुकतंय. काय चुकतंय? – मुख्याध्यापक, खानापूर तालुका

सर बरोबर बोलतायत. त्यांना जपा.

कबड्डीत मैदानावर सात, खोखोत नऊ. मुलामुलींचे संघ आणि राखीव धरले तरी पन्नासएक जण होतील. पटावर तीनशे असतील, तर बाकीच्या अडीचशे जणांचं वर्ष कशात गेलं? कडेला बसून टाळ्या वाजवण्यात आणि दप्तरं सांभाळण्यात. ज्याला खेळ येतो तो तुमच्या तासाशिवायही गल्लीत खेळतोच. ज्याला पळताना बघून पोरं हसतात, चेंडू अंगावर आला की जी डोळे मिटून घेते, त्यांच्यासाठी हा तास वेळापत्रकात आहे. संघाचा सराव जरूर घ्या, पण शाळेआधी किंवा शाळेनंतर.

आता तासाचा हिशेब मांडा. चाळीस मिनिटं. वर्गातून उतरणं, रांग, हजेरी, परत वर जाणं यात पंधरा गेली. उरली पंचवीस. लांब उडीचा खड्डा एक, मुलं पन्नास, एका उडीला अर्धा मिनिट. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अख्ख्या तासात एक उडी, आणि बाकी वेळ रांगेत पुढच्याच्या पाठीत बुक्के. टाचणवहीत मात्र ‘लांब उडी: घटक पूर्ण’. गणिताच्या सरांनी एक उदाहरण सोडवून घेतलं आणि घटक पूर्ण म्हणाले, तर तुम्ही सही कराल का?

याला पैसा लागत नाही, आखणी लागते. सहा-सात गट पाडा. एक खड्ड्यावर, एक दोरीवर, एक चेंडूवर, एक दंड-बैठकांवर. शिट्टी झाली की गट पुढे सरकतील. खोखोचं २७ बाय १६ मीटरचं पूर्ण मैदान स्पर्धेसाठी ठेवा. तासाला त्याच जागेत दोन-तीन छोटी मैदानं आखा आणि रांगेत चार-चार जणच बसवा, म्हणजे प्रत्येकाला उठावं लागेल, पळावं लागेल. ज्याचा पाय दुखावलाय त्याच्या हातात घड्याळ आणि गुणपत्रक द्या. पंचगिरी शिकणं हाही अभ्यासक्रमच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे व्यायाम. तुमच्या आठवड्याला दोन तासिका धरल्या तर होतात ८० मिनिटं, तीही हजेरीसकट. तेव्हा तासात मूल घामाघूम झालं की काम झालं, असं समजू नका. घरच्या अंगणात एकट्याने करता येईल असं काहीतरी ते दर महिन्याला शिकलं पाहिजे.

वर्षाची विभागणी साधी ठेवा. सुरुवातीला, उघडीप बघून, खेलो इंडियाच्या तपासणीतल्या चाचण्या घ्या: उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल, बसून पुढे वाकणं, पोटाचे अर्धे उठाव, दंड, मुलींना गुडघे टेकून. पावसात व्हरांड्यातला घटक. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मैदान वाळलं की धावणं, उड्या, फेकी आणि छोट्या मैदानावरचे सांघिक खेळ. प्रत्येक घटकाला सहा ते आठ तास द्या. दोन तासांत काही येत नाही. फेब्रुवारीत त्याच चाचण्या पुन्हा. तुलना मुलाची त्याच्या स्वतःच्या जूनमधल्या आकड्याशी करा, शेजारच्याच्या आकड्याशी नको. आणि वजन वर्गात मोठ्याने वाचायचं नाही. एकदा ‘ढब्बू’ नाव पडलं, की ते मूल दर पीटीला पोटात दुखतंय म्हणून सांगतं.

६०० मीटरआधी पालकांना चिठ्ठी पाठवून विचारा: पळताना कधी चक्कर येऊन पडलाय का, छातीत दुखतं का, दमा आहे का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत त्या मुलाला पळवू नका. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

प्र. मुलगा नववीत आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत जायचं म्हणतो. एका अकॅडमीच्या सांगण्यावरून रोज पहाटे डांबरीवर पाच किलोमीटर पळतो. दोन महिने गुडघ्याखाली दुखतंय, तिथे टेंगूळ आलंय. तेल चोळतोय. पळणं सुरू ठेवू का? – पालक, येळ्ळूर

दोन महिने! आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, याच आठवड्यात. चोळणं बंद, पळणंही बंद.

उंची भराभर वाढते त्या वयात, वाटीखाली जिथे मांडीच्या स्नायूची दोरी नडगीच्या हाडाला धरते, तिथे सततच्या ताणाने उंचवटा येतो आणि दुखतो. उड्या आणि पळणं जास्त असलेल्या मुलांत हे बरंच दिसतं. भार कमी केला की बहुधा शमतं. पण तुमच्या मुलाला तेच झालंय, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि तेल चोळणाराही सांगू शकत नाही.

अग्निवीर भरतीचं किमान वय साडेसतरा आणि धाव १.६ किलोमीटरची. चौदा वर्षांच्या पोराला रोज पाच किलोमीटर कशाला? घाई भरतीला नाही, अकॅडमीला आहे. फी दर महिन्याला लागते ना! डॉक्टरांनी परवानगी दिली की एक दिवसाआड, मातीवर, थोडं पळणं थोडं चालणं असं सुरू करा. अंतर कसं वाढवायचं ते शाळेच्या पीटी सरांशी बसून ठरवा.

प्र. उंची वाढवणारी पावडर आणि लटकण्याचे व्यायाम यांचा उपयोग होतो का? आणि डंबेल्सनी उंची खुंटते का? – विद्यार्थी, चिकोडी

पावडरीने उंची वाढत नाही, लटकून वाढत नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली हलक्या वजनांनी खुंटतही नाही. डबा नीट खा, झोप पुरी घे. वर्षभरात उंची अजिबात हललेली नसेल तर आईबाबांबरोबर बालरोगतज्ज्ञांकडे जा. पावडरीच्या डब्याच्या झाकणावर छापलेल्या पैलवानाचं ऐकू नकोस.

प्र. पाळीच्या दिवसांत मुलींना पीटीला बसवून ठेवावं का? – शिक्षिका, शहापूर, बेळगाव

नाही. तिला विचारा, खेळायचं असेल तर खेळू दे, नको असेल तर कारण चारचौघांत विचारू नका. दर महिन्याला वेदनेने आडवी पडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा, ‘होतं असं’ म्हणून घरी नको.

प्र. दहावीचा पीटीचा तास जानेवारीपासून गणिताला देतात. पालक म्हणून काय करू? – पालक, कंग्राळी

मुख्याध्यापकांना लेखी विचारा. शाळा सरकारी असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत मांडा. नुसतं गेटवर उभं राहून कुजबुजल्याने तास परत मिळत नाही. आणि घरी मुलाला संध्याकाळी खेळायला सोडता का, तेही बघा. त्या वेळी त्याला ट्यूशनला पाठवत असाल, तर गणिताच्या सरांना कुठल्या तोंडाने बोलणार?

प्र. मैदान आखायला फक्की संपली. बांधकामाचा चुना वापरला तर? – शिपाईमामांच्या वतीने एक शिक्षक, कडोली

अजिबात नको. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, आणि पडणारं पोर तोंडावरच पडतं. खडूची पूड किंवा रांगोळी घ्या. आधीच चुना टाकला असेल तर तो वरचा थर मातीसकट काढून टाका आणि मगच मुलांना मैदानात सोडा. कुणाच्या डोळ्यात गेलाच, तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तिथून थेट नेत्रतज्ज्ञांकडे.