पंधरा गोलांचा आकाशकंदील

"दहा मिनिटं बसती आणि उठती बघा मॅडम. मग सगळं मलाच करावं लागतंय. एका जागी लक्षच नाही तिचं." कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका आईची ही तक्रार. मुलगी तिसरीत. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली आणि महाद्वार रोडवरचे भाव ऐकून कंदील घरीच करायचं ठरलेलं. सणाच्या आधी ही काळजी घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात.

दोघींना माझ्यासमोरच जुन्या लग्नपत्रिकेतून गोल कापायला सांगितला. मुलीने कापला. आईने तो लगेच हातात घेऊन कडा सारखी केली. दुसऱ्या गोलाच्या वेळी मुलीने कात्री खाली ठेवली. तो कंटाळा नव्हता. आपण केलेलं आई पुन्हा करणार, हे तिला कळून चुकलं होतं.

पण "दुरुस्त करू नका" एवढं सांगून भागत नाही, कारण वाकडा गोल खरंच जुळत नाही. म्हणून आईची मेहनत आधी, साच्यात घालायची. पुठ्ठ्यावर कंपासने 4 सेंमी त्रिज्येचा गोल काढायचा. कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या आणि एकाआड एक खुणा जोडायच्या. सारख्या बाजूंचा त्रिकोण मिळतो. गोल आणि त्रिकोण असे दोन साचे कापून मुलीच्या हाती द्यायचे. पत्रिकेतून कापलेल्या प्रत्येक गोलावर त्रिकोण ठेवून त्याच्या कडेने संपलेली रिफिल दाबून फिरवली की घडी आपोआप सरळ पडते. नुसत्या बोटांनी मुडपलेली घडी सरकते आणि शेवटी फटी राहतात.

पत्रिकेची चकचकीत बाजू वर ठेवून त्रिकोणाबाहेरच्या तिन्ही पाकळ्या वर मुडपायच्या. मग खडबडीत बाजू खडबडीत बाजूला चिकटते. गुळगुळीत कागदावर फेविकॉल धरत नाही आणि पाकळ्या रात्रीतून सुटतात. प्रत्येक जोडाला कपड्यांचा चिमटा लावून दहा मिनिटं ठेवायचा. पत्रिकेचा कागद जाड असतो, त्यातून उजेड येत नाही, म्हणून चिकटवण्याआधीच त्रिकोणात भोकं पाडून घ्यायची.

पाच गोल एका टोकाभोवती जोडले की टोपी होते. सहावा घातला तर ती सपाट बसते, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. उरलेले दहा एक उभा, एक उलटा असे ओळीने जोडून कडं करायचं आणि त्यावर टोपी बसवायची. खालचं तोंड उघडंच राहू द्यायचं. आत एलईडीची माळ सोडायची. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो. माळ आणि तिची प्लगची पिन मोठ्यांनीच लावायची.

रोज पाच गोल, वीस मिनिटं, तीन संध्याकाळी. चौथ्या दिवशी जोडणी. मुलीचा हात चालू असताना आईने झिरमिळ्यांचे कागद कापत बसायचं, म्हणजे तिचेही हात रिकामे राहत नाहीत. आईला सगळ्यात अवघड हेच गेलं.

पुढच्या भेटीत दोघी कंदील घेऊन आल्या. खालच्या एका पाकळीला चुकून दोन भोकं पडली होती. मुलीने तिथे दोन झिरमिळ्या बांधल्या होत्या, आणि आईने त्या तशाच राहू दिल्या होत्या.